मोळी, आंघोळ आणि वर्गणीची वही

मी सातवीत होतो तेव्हा आमच्या वर्गशिक्षकांनी 'श्यामची आई'तला एक प्रसंग वाचून दाखवला होता. एका म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावरची मोळी खाली पडलेली आहे. ती कोणी उचलून देत नाही, कारण तिला शिवायचे कसे? श्यामची आई हे पाहते आणि मुलाला सांगते की जा, तिच्या डोक्यावर मोळी दे आणि घरी येऊन आंघोळ कर. वाचताना गुरुजींचा आवाज जड झाला. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे डोळे भरून आले. मी मात्र त्या म्हातारीपाशीच अडकून राहिलो. मोळी घेऊन ती पुढे गेली असेल. श्याम आंघोळीला गेला हे तिला ठाऊक असेल काय? बहुधा असेलच. ते ठाऊक असूनही तिला मोळी उचलून घ्यावी लागली, कारण चूल पेटवायची होती.

साने गुरुजींवर अन्याय करण्याचा माझा हेतू नाही. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचा लेखक पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषणाला बसला, हे मला माहीत आहे. त्या आईने शेजारपाजारच्या टीकेची पर्वा केली नाही, हेही खरे. प्रश्न त्या आईच्या मनाचा नाही. प्रश्न असा की मराठी वाचकाने पिढ्यान् पिढ्या हा प्रसंग वाचला, मोळी उचलणे लक्षात ठेवले आणि आंघोळ विसरली. आपल्याकडच्या दानधर्माविषयी, परोपकाराविषयी, अलीकडे ज्याला सामाजिक बांधिलकी म्हणतात त्याविषयी जे काही लिहिले जाते, त्यात हीच विस्मृती सर्वत्र भरलेली आहे. देणाऱ्याचा हात दिसतो. देऊन झाल्यावर तो हात कुठे आणि कसा धुतला जातो, ते घेणाऱ्यालाच दिसते. आणि घेणारा लिहू लागेपर्यंत मराठी साहित्यात त्याची नोंद नव्हती.

दान या शब्दाचीच घडण पाहण्यासारखी आहे. आपल्या परंपरेत दान सत्पात्री करावे लागते. पात्र कोण, हे दाता ठरवतो किंवा दात्याचा पुरोहित ठरवतो. आणि शतकानुशतके सर्वांत योग्य पात्र ब्राह्मणच होता. भुकेल्याला घातलेला घास हे दानाच्या उतरंडीत खालच्या पायरीवर. आज फलकावरची भाषा बदलली आहे. आता तिथे 'गरजू व होतकरू विद्यार्थ्यांना साहित्यवाटप' असे लिहिलेले असते. हे दोन शब्द एकत्र वाचताना मला नेहमी अडखळायला होते. गरजू तर आम्ही होतोच. पण होतकरू नसलेल्या गरजूचे काय करायचे? दहावीला पंचेचाळीस टक्के पडलेल्या, गणितात दोनदा नापास झालेल्या, बापाबरोबर वीटभट्टीवर जाऊन दिवसाआड शाळेत येणाऱ्या पोराला वही लागत नाही काय? 'होतकरू' हा शब्द म्हणजे जुन्या 'सत्पात्र'चाच नवा अवतार आहे. हुशार मुलाला मदत केली की ती वाया जात नाही, असे देणाऱ्याला वाटते. म्हणजे त्याच्या मनात हिशोब गुंतवणुकीचा चाललेला असतो आणि तोंडात शब्द परोपकाराचा असतो.

दलित स्वकथनांनी या शब्दव्यवहाराला पहिला धक्का दिला. आपले समीक्षक या स्वकथनांकडे दारिद्र्याचे दस्तऐवज म्हणून पाहतात, भाषेविषयी बोलतात, अश्लीलतेविषयी तर फारच बोलतात. घेण्याच्या अनुभवाची चिकित्सा म्हणून ती फारशी वाचली गेलेली नाहीत. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्याचे नावच एका मोठ्या फसवणुकीचे नाव आहे. महाराने गावाची पडेल ती कामे करायची, मयताचा निरोप परगावी पोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागायचे. ती खरे तर मजुरी होती. बावन्न हक्कांची भाषा होती, पण घेताना हात पसरायचा होता. मजुरीला भिक्षेचे रूप दिले की दोन गोष्टी एकदम साधतात. देणाऱ्याला पुण्य लागते आणि घेणाऱ्याला भाव ठरवता येत नाही. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये येसकराच्या पाळीचे, त्याच्या काठीचे, संध्याकाळी घरोघर मागून आणलेल्या भाकरीचे चित्र आहे. त्या काठीचा महारवाड्याला अभिमान वाटत असे आणि लेखिका त्या अभिमानाकडे आतून, पण उघड्या डोळ्यांनी पाहते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळ्यापाक्या तुकड्यांची लाचारी सोडा असे सांगितले आणि पुढच्याच वर्षी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. भाकरीचा तुकडा हा दयेचा भाग नाही, तो न दिलेल्या पगाराचा भाग आहे, हे त्यामागचे अर्थशास्त्र होते. महार वतन कायद्याने गेले ते १९५८ नंतर, बाबासाहेब गेल्यावर.

मला मात्र सर्वांत अस्वस्थ करतो तो शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'तला (१९८४) सहलीचा प्रसंग. शाळेची सहल गेलेली आहे. सवर्ण मुले वेगळी बसून जेवतात. त्यांचे उरलेसुरले महारांच्या मुलांना मिळते. घरी आल्यावर आई विचारते की माझ्यासाठी का नाही आणलेस. आणि दुसऱ्या दिवशी शिक्षक वर्गाला निबंध लिहायला सांगतात, विषय सहल. मुलाला काही लिहिता येत नाही.

या प्रसंगात कुणी दुष्ट नाही. अन्न टाकून न देता दिलेले आहे. पोरांची पोटे भरलेली आहेत. देणाऱ्या मुलामुलींना त्या दिवशी चांगले वाटले असणार. छळ सुरू होतो तो निबंधापाशी. घेणाऱ्याने आता लिहायचे आहे आणि ते लिहिणे वर्गाला, गुरुजींना, देणाऱ्यांना रुचेल असे असले पाहिजे. मला असे म्हणावेसे वाटते की गेल्या अर्धशतकातले दलित स्वकथन म्हणजे त्या दिवशी कोरा राहिलेला निबंध आहे. तो उशिरा लिहिला गेला आणि गुरुजींना आवडला नाही.

मीही एक निबंध लिहिलेला आहे, फक्त मी तो तोंडी म्हटला. २००१ साली आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका संस्थेने शाळेत वह्या वाटल्या. एकेकाचे नाव पुकारायचे, पाहुण्यांसमोर जायचे, वह्यांचा गठ्ठा दोघांनी धरून फोटोग्राफरकडे पाहायचे. आभार मानायला मला उभे केले होते. तीन वाक्ये होती, गुरुजींनी लिहून दिलेली, आणि मी ती न अडखळता म्हटली. वह्यांच्या मुखपृष्ठावर देणगीदाराच्या दिवंगत मातोश्रींचा फोटो छापलेला होता. त्यामुळे वर्गात फुकटच्या वह्या कुणाच्या, हे लांबूनही कळे. मी त्यांना वर्तमानपत्राची कव्हरे घातली. चार दिवसांनी कव्हरे काढायला सांगण्यात आले, कारण देणगीदार केव्हाही भेट देतील. ते वर्षभरात आले नाहीत. मातोश्री मात्र वर्षभर माझ्याकडे पाहत राहिल्या.

पण इथे थांबलो तर मी खोटे बोलल्यासारखे होईल. वह्या खऱ्या होत्या. कागद चांगला होता. माझा बाप मोंढ्यात हमाली करी. त्या जूनमध्ये वह्यांचे पैसे वाचले म्हणून धाकट्या बहिणीला दप्तर आले. अपमान झाला आणि उपयोगही झाला. आमच्या लेखनात अपमान येतो, उपयोग येत नाही. त्यांच्या लेखनात उपयोग येतो, अपमान येत नाही. दोन्ही एकाच वहीच्या दोन बाजू आहेत आणि ती वही मी वापरलेली आहे.

याच काळात आमच्या वस्तीत आणखी एक वही होती. तिच्यावर कुणाचा फोटो नव्हता. जयंतीची वर्गणी, मयत फंड आणि महिन्याची पाच-दहा रुपयांची पट्टी यांचा हिशोब त्या वहीत असे. खजिनदार म्हणून एक आत्या होती, चौथी शिकलेली. जयंतीनंतरच्या बैठकीत ती जमेची बाजू नावानिशी वाची आणि खर्चाची बाजू फक्त आकड्यांनी. कुणाच्या घरी दवाखान्याला किती गेले, कुणाच्या परीक्षा फीला किती, हे वाचले जात नसे. एकदा एका तरुण पोराने हरकत घेतली, तेव्हा ती म्हणाली, "पैशाचा हिसाब इचार, देते. मानसाचा नको इचारू." तिच्याजवळ दुसरी एक छोटी वही होती, त्यात नावे होती आणि ती फक्त तीन जण पाहत. माझी दहावीची परीक्षा फी त्या छोट्या वहीत आहे, हे मला पदवी मिळाल्यानंतर कळले.

माझे म्हणणे असे आहे की दान आणि वर्गणी या दोन भिन्न जातीच्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यातला फरक रकमेचा नाही. वर्गणीत घेणारा हा काल देणारा होता आणि उद्या पुन्हा देणारा होईल. म्हणून त्याला हिशोब विचारता येतो. दानात हिशोब विचारणारा कृतघ्न ठरतो. एखाद्या मदतीने कुटुंब उभे राहते की वाकते, हे पाहायचे असेल तर घेणाऱ्याला हिशोब विचारायची मुभा आहे की नाही, एवढे पाहावे.

२००९ साली बापाचे आतड्याचे ऑपरेशन करावे लागले. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. रात्री अकराला आत्याने दोन हजार काढून दिले. फंडात तेव्हा सहा हजारांच्या आसपास होते. त्या दोन हजारांत जीपचे भाडे, पहिल्या तपासण्या आणि दोन दिवसांचा चहा-पोळी एवढे निघाले. ऑपरेशन निघण्याचा प्रश्नच नव्हता. पण ती रात्र निघाली. धाकट्या दोघांना पुढचे पंधरा दिवस गल्लीने जेवू घातले. कोणत्या दिवशी कुणाचे घर, हे बायकांनी आपसात ठरवले होते, आईला विचारलेही नाही. गरिबाचे घर कसे मोडते, याचा विचार करणाऱ्यांनी ही गोष्ट नीट पाहावी. घर ऑपरेशनने मोडते तसे त्याच्या भोवतालच्या किडुकमिडुक खर्चानेही मोडते. जीपचे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण, बुडालेली मजुरी, शाळा सोडून घरी राहिलेली मुलगी. आज महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे. ती ऑपरेशनचा खर्च उचलते, ही मोठी गोष्ट आहे. त्या किडुकमिडुकाला मात्र योजनेत रकाना नसतो. तिथे पहिल्या रात्री सावकार तरी येतो किंवा वस्तीची वही.

ज्या मोठ्या शहरातल्या रुग्णालयात आम्ही गेलो, ते धर्मादाय होते. म्हणजे ते सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेले आणि त्या नोंदणीच्या सवलती घेणारे. या कायद्यातल्या तरतुदीनुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या, २००६ पासून अमलात आलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवायच्या असतात. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत बाजूला काढायची असते. मला यातले काहीही ठाऊक नव्हते. खिडकीवरच्या माणसाने अनामत मागितली. मी हात जोडले. तो म्हणाला की धर्मादाय खाटा भरल्या आहेत, आणि मी आभार मानून मागे फिरलो. आजही मला त्या 'आभार मानून'ची लाज वाटते. ज्या गोष्टीवर कायद्याने आमचा हक्क होता, ती मी भीक म्हणून मागितली आणि नाकारली गेली तेव्हा नाकारणाऱ्याला धन्यवाद दिले. सातवीतली तीन वाक्ये किती खोल मुरली होती! शेवटी एका वॉर्डबॉयने हळूच सांगितले की समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, तहसीलदाराचा दाखला आणा. दाखला येईपर्यंत बारा दिवस गेले. तोवर आईचे डोरले गेले होते आणि शेकडा पाच रुपये महिना व्याजाने चाळीस हजार अंगावर आले होते. ते फिटायला चार वर्षे लागली. बाप वाचला. बहिणीचे शिक्षण बारावीवर थांबले.

हक्काला दानाचे रूप देणे ही बलुत्याचीच पद्धत आहे. फक्त खळ्याच्या जागी खिडकी आली. 'धर्मादाय' या शब्दातला धर्म रुग्णालयाच्या पाटीवर राहतो आणि त्यातला कायदा फायलीत जातो.

याचा अर्थ आपल्याकडे आंघोळीशिवाय मोळी उचलणारे झालेच नाहीत असा नाही. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. समाजाची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती आणि त्याचे सभासद काही धनकोच्या घरचे नव्हते. सावित्रीबाई १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. त्यांनी रोग्याला स्पर्श केला आणि मग हात धुवायला वेळ उरला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहांसाठी मुष्टिफंड काढला. घरातल्या बाईने दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढायचे. मूठ कुणाची, हे पोत्यात गेल्यावर ओळखू येत नाही, हे त्या योजनेचे मोठेपण. आणि ती खाणारी मुले 'कमवा आणि शिका' म्हणत स्वतः राबत होती, सगळ्या जातींची एका पंगतीला बसत होती. गाडगेबाबांची दृष्टी तर अर्थशास्त्रज्ञाला लाजवील अशी होती. मुंबईत जे.जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा उभारली ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. डॉक्टर सरकार देईल, पण फुटपाथवर निजणाऱ्या रोग्याच्या बायकोचे काय, हा विचार शाळेत न गेलेल्या माणसाला सुचला. माझ्या आईने २००९ साली बारा रात्री रुग्णालयाच्या जिन्याखाली काढल्या, म्हणून मला त्या धर्मशाळेचे मोल अधिक कळते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. यात्रेकरूंची जागा विद्यार्थ्यांना दिली.

बाबासाहेबांचे स्वतःचे उदाहरण आपण फार सोप्या रीतीने सांगतो. सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली म्हणून ते १९१३ साली कोलंबियाला जाऊ शकले, हे खरे आणि ते कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. पण शिष्यवृत्तीबरोबर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता, आणि तो पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्याला गेले तेव्हा कचेरीतला शिपाई लांबून फायली फेकत होता. शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमातूनही लोकांनी बाहेर काढले. राजाने मोळी उचलून दिली होती, आंघोळ राज्याच्या कचेरीने केली. एका मोठ्या मनाच्या दात्याने समाजाची रीत बदलत नाही. म्हणूनच असेल, पण बाबासाहेबांनी पुढे दात्यांवर विसंबून चळवळ उभी केली नाही. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. मजूरमंत्री असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या सरकारी तिजोरीतून मिळवल्या, म्हणजे दानाचे रूपांतर हक्कात केले. आणि १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात आपल्या लोकांना उत्पन्नाचा विसावा हिस्सा कार्यासाठी द्या असे सांगितले. ऐकणारे बहुसंख्य लोक शेतमजूर, गिरणीकामगार, रोजंदारीवरचे होते. त्यांना त्यांनी दान घ्यायला सांगितले नाही, द्यायला सांगितले.

विसावा हिस्सा म्हणजे शेकडा पाच. आमचा सावकार महिन्याला तेवढेच घेत असे. हा योगायोग मला विसरता येत नाही.

आता आमच्या वहीविषयी जे चांगले लिहिले, त्याला जोडून वाईटही लिहिले पाहिजे. त्या वहीत मांगवाड्यातले एकही नाव नव्हते. त्यांची गल्ली आमच्यापासून तीस पावलांवर. त्यांच्याकडे दुखणी नव्हती असे नाही. "त्यांचा त्यांचा फंड त्यांनी काढावा," असे आमचे वडीलधारे म्हणत, आणि गावाने आम्हाला जे सांगितले तेच आपण सांगतो आहोत हे कुणाच्या ध्यानात येत नसे. नवऱ्याने टाकलेल्या एका बाईला मयत फंडातून मदत नाकारली गेली, कारण पट्टी नवऱ्याच्या नावे होती आणि नवरा तर जिवंत होता, दुसरीकडे नांदत होता. आत्या त्या बैठकीत एकटी भांडली आणि हरली. वर्गणीलाही कुंपण असते. आज आमच्यातले जे लोक 'समाजाने समाजाला मदत करावी' असे व्यासपीठावरून म्हणतात, त्यांनी समाज या शब्दाची हद्द कुठे आखली आहे ते सांगावे.

आणि शेवटी मी. सहा-सात वर्षांपूर्वी मला कायम नोकरी लागली. आम्ही काही पगारदारांनी, प्राध्यापक, परिचारिका, एस.टी.चे वाहक, एक तलाठी, मिळून एक निधी काढला आहे. शिष्यवृत्तीचे आणि स्वाधार योजनेचे पैसे मुलांच्या खात्यात येतात, पण ते सत्र संपता संपता येतात. भूक त्याच्या आधी लागते, खोलीमालकही आधीच येतो. तेवढ्या मधल्या महिन्यांसाठी हा निधी. मुले टिकतात, असा आमचा अनुभव आहे; गेल्या तीन वर्षांत ज्यांना असा आधार दिला त्यांतल्या एकानेच शिक्षण सोडले. मी बैठकीत सुचवले होते की आपण प्रत्येक मदतीसमोर सरकारकडे अडकलेली रक्कमही लिहावी आणि वर्षाच्या शेवटी तो कागद समाजकल्याण कार्यालयात द्यावा, नाहीतर आपण सरकारची थकबाकी गुपचूप फेडत बसू. ते मान्य झाले. त्या दिवशी मला स्वतःविषयी बरे वाटले होते.

आमच्या छापील अर्जात एक रकाना आहे, 'घरची परिस्थिती (सविस्तर)'. मुले तिथे पानभर लिहितात. बापाची दारू, आईचा दमा, गळके छप्पर. यंदा बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने तिथे एकच ओळ लिहिली, "मेसचे तीन महिन्यांचे पैसे द्यायचे आहेत." समितीत कुजबुज झाली. आणि सर्वांआधी मीच म्हणालो, "तिला जरा सविस्तर लिहून आणायला सांगा." बोलून झाल्यावर एक क्षण सगळे गप्प होते, म्हणजे कुणाला काही वाटले म्हणून नव्हे, चहा आला होता म्हणून. पण मला सहलीच्या दुसऱ्या दिवशीचा तो वर्ग दिसला. निबंध लिहायला सांगणारा गुरुजी मी होतो.

रकाना काढून टाकावा असे मी पुढच्या बैठकीत मांडले. देणगीदारांना काय दाखवायचे, असा प्रश्न आला. निर्णय अजून झालेला नाही. मुलीचे पैसे मात्र मंजूर झाले आणि मी तिला विभागात बोलावून पाकीट दिले. तिने पैसे मोजले, सही केली. जाता जाता थांबली.

"सर, निधीत एकूण किती जमा झालेत? वही बघायला मिळेल?"

वही माझ्या पिशवीतच होती. मी ती टेबलावर ठेवली. तिने उभ्या उभ्या पाने उलटली, नावांवरून बोट फिरवत गेली. माझ्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्याच्या नावापुढे हजार होते. माझ्या नावापुढे पाचशे. तिचे बोट तिथे थांबले की नाही, हे मी पाहिले नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो. प्राध्यापकाचा पगार किती असतो, हे आता मुलांना ठाऊक असते.

"बरं सर," ती म्हणाली, आणि वही सरळ करून माझ्याकडे ढकलली.